तबकडीचे पाठभेद

एलपी तबकडीवर वादन जिथे संपते तिथपासून मधल्या कागदी लेबलापर्यंत बोटभर रुंदीची एक मोकळी पट्टी असते. ऐकणाऱ्याला तिचा काही उपयोग नसतो. जुन्या जॅझच्या तबकड्या जमवणारा मात्र तबकडी हाती आली की आधी तीच पट्टी बघतो. विजेरीचा उजेड तिरका पाडला की तिथे आकडे, अक्षरे, खुणा दिसू लागतात. काही हाताने कोरलेल्या, काही ठशाने उमटवलेल्या. ही तबकडी कोणी कोरली, कुठल्या कारखान्यात दाबली, कितव्या साच्यातून निघाली, याची कुंडली तिथे मांडलेली असते. गेली पंचवीसेक वर्षे मी अशा कुंडल्या उतरवून घेतो आहे. मी संगीताचा पदवीधर नाही, ध्वनितंत्रज्ञही नाही. नोकरी सांभाळून जे वाचले, ऐकले आणि दोन प्रती समोरासमोर ठेवून ताडून पाहिले, तेवढ्याच बळावर हे लिहितो आहे.

प्रश्न साधा आहे. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन तबकड्या वेगवेगळ्या वाजतात. त्यांतली खरी कुठली मानायची? संग्राहकांच्या बाजारात याचे उत्तर ठरलेले आहे: पहिली आवृत्ती. त्यावरच भाव ठरतात. हँक मोब्ली या सॅक्सोफोनवादकाच्या १९५७ सालच्या एका ब्लू नोट तबकडीची (क्रमांक १५६८) चांगली पहिली प्रत हजारो डॉलरना जाते. हे उत्तर मला अपुरे वाटते. का, ते सांगण्यासाठी आधी पुण्यात डोकावतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते उपयोगात आली. डॉ. वि. स. सुखठणकर यांचे प्रास्ताविक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोक्यात तबकड्याच होत्या. सुखठणकरांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट कळते: प्रत किती जुनी यापेक्षा ती कशावरून उतरली, तिचे घराणे कोणते, हे महत्त्वाचे. चांगल्या घराण्यातली अलीकडची पोथी भ्रष्ट घराण्यातल्या जुन्या पोथीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरू शकते. तबकडीलाही असेच घराणे असते.

ते असे. स्टुडिओत वादन चुंबकीय फितीवर उतरते, ती मास्टर टेप. टेप वाजवत ठेवून तिच्या आधारे एक यंत्र, ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ रोगणाचा थर दिलेल्या पृष्ठावर खाच कोरते. या चकतीला लॅकर म्हणतात. लॅकरवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर निकेल चढवून धातूचा उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून पुन्हा उलटे ‘स्टॅम्पर’. दोन स्टॅम्परच्या मध्ये तापवलेल्या व्हिनाइलचा गोळा दाबला की तबकडी तयार. एक स्टॅम्पर साधारण हजारभर प्रती चांगल्या देतो, मग त्याची धार बोथट होत जाते. म्हणजे टेपपासून आपल्या घरातल्या तबकडीपर्यंत चार-पाच पिढ्या होतात आणि प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा असतो. सर्वांत मोठा अधिकार लॅकर कोरणाऱ्याचा. खर्जाचा आवाज मोठा असला की खाच रुंद वळणे घेते. ती आवरली नाही तर शेजारच्या खाचेत घुसते किंवा सुई उडते. किती आवरायचे हे तो ठरवतो.

आता ब्लू नोटकडे वळतो, कारण या सगळ्या गोंधळाचा मोठा वाटा तिथलाच आहे. आल्फ्रेड लायन हा बर्लिनहून आलेला माणूस. त्याने १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. त्याचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ लवकरच येऊन मिळाला. पन्नाशीच्या दशकात त्यांना रूडी व्हॅन गेल्डर भेटला. हा व्यवसायाने चष्मे तपासणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात तो ध्वनिमुद्रण करी. दिवसा डोळे तपासायचे, उरलेल्या वेळी कान लावायचे. कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ रोजी त्याच दिवाणखान्यात मुद्रित झाली. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्स येथे स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि चष्म्यांचा धंदा सोडला.

व्हॅन गेल्डरचे वेगळेपण असे की, तो मुद्रणही करी आणि लॅकरही स्वतःच कोरी. कोरून झाले की मोकळ्या पट्टीत आपली आद्याक्षरे घाली: आधी हाताने ‘आरव्हीजी’, पुढे ठशाने, आणखी पुढे ‘व्हॅन गेल्डर’ असे पूर्ण आडनाव. लॅकर मग न्यू जर्सीतल्याच प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात जाई. हा कारखाना पट्टीत इंग्रजी ‘पी’ अक्षर उमटवी. ते असे वळणदार की, संग्राहक त्याला ‘कान’ म्हणू लागले. ब्लू नोटच्या तबकडीला कान आहे का, हा आज जगभरच्या विक्रेत्यांचा पहिला प्रश्न असतो.

१९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीने विकत घेतली आणि प्लास्टिलाइटचे काम थांबले. पण न्यूयॉर्कचा पत्ता छापलेली जुनी लेबले आणि वेष्टने गठ्ठ्याने शिल्लक होती. लिबर्टीने ती वापरून संपवली. त्यामुळे असंख्य तबकड्यांचे लेबल जुने आणि दाबणी नवी. लेबलावर विसंबणारा इथे फसतो. पट्टी बघणाऱ्याला कान नाही हे लगेच कळते. एवढ्यावर बाजार थांबतो आणि अशी तबकडी पाव किमतीला काढतो. पण त्याच पट्टीत व्हॅन गेल्डरचा ठसा पुष्कळदा शाबूत असतो, म्हणजे खाच त्यानेच कोरलेल्या लॅकरची. कारखाना बदलला, घराणे बदलले नाही. अशा जोड्या मी एकामागून एक वाजवून बघितल्या आहेत. प्लास्टिलाइटचे व्हिनाइल अधिक टिकाऊ, हे मान्य. झांजेची झणक क्वचित त्यात जास्त मोकळी. पण ट्रंपेटचा तोच पुढे झुकलेला आवाज, पियानोची तीच जराशी खोक्यात बंद असल्यासारखी घडण दोन्हीकडे असते. किमतीतला फरक कानाला सापडत नाही.

मुळात लेबलाभोवतीची खोल वर्तुळाकार खाच, तबकडीची सपाट कड, पत्त्यात ‘न्यूयॉर्क २३’ आहे की नुसते ‘एनवायसी’, या ज्या खुणांवर भाव चढतो, त्या सगळ्या कालनिर्णयाच्या खुणा आहेत. खोल खाच ही दाबयंत्राच्या साच्याची देणगी. आवाजाशी तिचा संबंध नाही. पोथीचा कागद जुना आहे एवढेच त्यातून कळते, पाठ शुद्ध आहे हे नव्हे.

खरा पाठभेद याच्याही पलीकडे आहे. व्हॅन गेल्डर लॅकर कोरताना खर्ज आवरी, आवाजाची पातळी चढी ठेवी, मंद आणि मोठ्या आवाजांतले अंतर थोडे दाबी. कारण त्याच्यासमोर १९५७ चा गिऱ्हाईक होता: स्वस्त ग्रामोफोन, जड सुई, लहान खोली. तीच टेप पुढे ज्यांनी हाताळली, त्या अभियंत्यांनी टेपवर याहून अधिक खर्ज असल्याचे सांगितले आहे. २०१९ मध्ये ब्लू नोटने ‘टोन पोएट’ ही मालिका सुरू केली. जो हार्ली यांची देखरेख, केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून नव्याने कोरलेले लॅकर, कॅलिफोर्नियातली दाबणी. या प्रतीत डबल बास तळघरातून वर यावा तसा समोर येतो, पण ट्रंपेटची ती अंगावर येणारी धग थोडी निवते.

यांतले मूळ कोणते? टेपवर जे आहे ते टोन पोएट अधिक पूर्णपणे देते. लायनने ऐकून ज्याला होकार भरला आणि हार्लेमच्या घरांत जे वाजले, ते मात्र कान असलेल्या तबकडीत आहे. माझे मत असे की व्हॅन गेल्डरने कोरलेली तबकडी हा टेपचा उतारा नव्हेच, तो टेपचा अर्थ आहे. कीर्तनकार आख्यान लावतो तसा. सगळ्यांना ते लावणे रुचत नव्हते. चार्ल्स मिंगसने तर, हा माणूस वादकाचा सूरच बदलून टाकतो, अशी जाहीर तक्रार केली होती. मिंगसचे म्हणणे मला पटते, तरी त्याच अर्थाने मी जॅझकडे ओढला गेलो हेही खरे.

दुसरे उदाहरण याहून बिकट आहे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही बहुधा जगात सर्वांत जास्त घरांत पोचलेली जॅझ तबकडी. कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये स्टुडिओ थाटला होता. तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत ती मुद्रित झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये बाजारात आली. पहिल्या आवृत्तीच्या लेबलावर कडेला सहा डोळ्यांसारखी चिन्हे आहेत, म्हणून ती ‘सिक्स आय’. सुरुवातीच्या प्रतींच्या वेष्टनावर ॲडर्लीच्या नावातले एक अक्षर गळलेले आहे आणि दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांचा क्रम उलटा छापला आहे. संग्राहक अशा चुकांवर जीव टाकतात. कोलंबिया आपल्या वेगवेगळ्या कारखान्यांसाठी अनेक लॅकर कोरून घेई. पट्टीतल्या क्रमांकापुढे १ए, १बी अशी शेपटी असते. १ए म्हणजे जणू दैवतच.

पण २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. हळू फिरलेली टेप योग्य गतीच्या यंत्रावर लावली की आवाज वेगाने आणि चढा येतो. त्या दिवशी मुद्रित झालेल्या तीन रचना, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, म्हणजे तबकडीची सबंध पहिली बाजू, अशी चढी निघाली. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या, राखीव यंत्राची गती बरोबर होती. पण ती टेप पेटीतच राहिली. १९९२ मध्ये नवी सीडी काढताना ती वापरली गेली, तेव्हा कुठे ही बाजू खऱ्या सुरात आली.

चूक किती? एक टक्क्याहून थोडी जास्त. पाश्चात्त्य लेखनात कधी कधी तिला पाव स्वर म्हटले जाते, ती अतिशयोक्ती आहे. आपल्याकडच्या वाचकाला दुसरे माप अधिक जवळचे वाटेल. आपली प्रमाणश्रुती ८१:८० या गुणोत्तराची, म्हणजे सव्वा टक्क्याची. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू तेहतीस वर्षे साधारण एका प्रमाणश्रुतीने चढी वाजत होती. नुसते ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही. तंबोरा लावून बसणाऱ्याला एका श्रुतीचा फरक किती असतो हे मी सांगायला नको. तबकडी लावून तिच्याबरोबर शिकणाऱ्या ट्रंपेटवाल्याला आपले वाद्य किंचित चढवून घ्यावे लागे. पियानोवाल्याला तीही सोय नाही. त्याला वाटे, आपलाच पियानो उतरला असावा.

आता इथे पहिल्या आवृत्तीच्या उपासकाने काय करायचे? त्याची १ए शेपटीची प्रत घराण्याने उत्तम, दाबणीने उत्तम, आणि पहिल्या बाजूपुरती सुरात खोटी. २ मार्चला त्या चर्चमध्ये काय वाजले, हा प्रश्न असेल तर १९९२ नंतरची, दुरुस्त टेपवरची साधी प्रतही तिच्यापेक्षा खरी. पण १९६० च्या दशकात तरुण वादकांनी काय ऐकून ‘मोडल’ जॅझ शिकले, हा प्रश्न असेल तर चढी प्रतच खरी, आणि दुरुस्त प्रत त्या पिढीने कधी ऐकलेलीच नाही. दोन्ही प्रश्न इतिहासाचेच आहेत. त्यामुळे जॅझवर लिहिणाऱ्याने आपण कुठली प्रत ऐकून लिहितो हे नमूद करावे, असा माझा आग्रह आहे. महाभारतातला श्लोक उद्धृत करणारा आवृत्ती सांगतो. डेव्हिसच्या सुराबद्दल लिहिणाऱ्याने तबकडी सांगायला काय हरकत आहे?

जपानी प्रतींबद्दल थोडक्यात. १९७७ ते १९८३ या काळात किंग कंपनीने आणि नंतर तोशिबाने काढलेल्या ब्लू नोटच्या तबकड्या वाजताना खरखर जवळजवळ नसतेच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत व्हिनाइलची प्रत घसरली, तबकड्या पातळ झाल्या. त्या पार्श्वभूमीवर जपानी काम डोळ्यांत भरणारे आहे. पण ती सामान्यतः टेपच्या नकलेवरून कोरलेली असते. सुंदर हस्ताक्षरातली, मोठ्या समासाची, पण नकलेवरून केलेली नक्कल. माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि पाहुणे आले की मी त्याच लावतो.

कान कितपत विश्वासू असतो, हेही सांगितले पाहिजे. दोन प्रती ताडताना आवाजाची पातळी एकसारखी करणे हे निम्मे काम आहे, कारण किंचित मोठी वाजणारी प्रत कोणालाही सरस वाटते. तबकड्या धुऊन घेतो, सुई एकच ठेवतो. मग माझी मुलगी तबकड्या बदलते आणि मी पाठ फिरवून बसतो. किंमत ठाऊक असली की कान तिच्या बाजूने साक्ष देतो. २०२२ मध्ये अमेरिकेत याचा मोठा पुरावा मिळाला. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी नावाजलेली. तिच्या अनेक तबकड्यांत मध्ये एक डिजिटल पायरी असल्याचे त्या वर्षी बाहेर आले. डिजिटलचा स्पर्श आपल्याला तत्काळ कळतो असे सांगणाऱ्या जाणकारांनी त्याच तबकड्यांना वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले होते.

आतापर्यंत ज्या प्रतींबद्दल बोललो, त्यांच्यामागे टेप शाबूत आहे. वाद झाला तर तिच्याकडे जाता येते. एलपीच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना हा आधार नाही. टेप नव्हतीच. मेणावर थेट कोरायचे, त्यावरून साचे, साच्यांतून प्रती. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख बव्हंशी आपल्याकडची. छोटा नागपूरच्या पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली, तेव्हा तिकडच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाची कोंडी झाली. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असे. जुन्या तबकडीची ती ओळखीची खरखर म्हणजे पुष्कळशी त्या भुकटीवर घासणारी सुई.

मुंबईचे स्वतःचे जॅझ याच लाखेवर आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे संच आले. लिऑन ॲबी आला, त्याच्या संचातल्या क्रिकेट स्मिथने पुढे स्वतःचा संच उभा केला आणि १९३६ मध्ये मुंबईत तबकड्या मुद्रित केल्या. त्यांतल्या ‘ताजमहाल’ या फॉक्सट्रॉटवरून नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरच्या आपल्या पुस्तकाचे नाव ठेवले. या संचांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, हे त्यांतले अग्रणी. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) नाचाच्या गाण्यामागे ते आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याच्या या चितळकरांच्या चालींत जो झुलता ठेका येतो, त्याची एक वाट अशी ताजच्या नृत्यगृहातून येते.

इथे पहिली आवृत्ती की दुसरी, हा लाड परवडत नाही. जी प्रत मिळेल ती शेवटची असू शकते. मटन स्ट्रीटवर अशा तबकड्या हार्मोनियमच्या भात्याखाली, पंख्याच्या पात्यांवर रचलेल्या मी पाहिल्या आहेत. विकणाऱ्याला त्या ‘इंग्लिश बाजा’ म्हणूनच ठाऊक असतात. बहुतेक प्रती पोलादी सुयांनी इतक्या नांगरलेल्या असतात की, मोठ्या आवाजाच्या जागी, म्हणजे नेमके ट्रंपेटच्या एकल वादनात, खाचेच्या भिंती उरलेल्या नसतात. अशा वेळी वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघायच्या. जुनी सुई खाचेच्या ज्या उंचीवर घासली, तिच्या वर किंवा खाली थोडी अस्पर्श भिंत कधी कधी हाती लागते. दोन प्रती असतील तर एकीचे खराब कडवे दुसरीवरून भरून काढायचे. खंडित पोथीचे पान दुसऱ्या पोथीवरून लावावे, तसेच हे काम आहे.

आणि गती? ‘७८’ हा आकडा नावापुरता. मुद्रण दर वेळी नेमक्या त्याच गतीने होत नसे. पियानो कुठल्या तरी दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात वाजू लागला की समजायचे, गती चुकते आहे. मग ती अशी बदलत न्यायची की पियानो एका पट्टीत बसेल आणि ट्रंपेटला सोयीचा सूर येईल. ‘काइंड ऑफ ब्लू’साठी राखीव टेप होती. इथे वाद्यांच्या स्वभावावरून ताळा करण्यावाचून इलाज नाही.

मुंबईत मुद्रित झालेल्या एका नृत्यसंगीताच्या तबकडीच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एकीला कडेपासून आत दोन इंच तडा गेला आहे. दुसरी अखंड आहे, पण तिचा आतला निम्मा भाग गुळगुळीत झाला आहे. पहिलीची आतली बाजू आणि दुसरीची बाहेरची, अशी जोडून सबंध फॉक्सट्रॉट मी उतरवून घेतला. तडा जिथे संपतो आणि झीज जिथे सुरू होते, तिथे चार मात्रांचा एक पट्टा दोन्हीकडे खराब आहे. त्या चार मात्रांत सॅक्सोफोन वर जातो की खाली, हे ऐकू येत नाही. वहीत तेवढी जागा कोरी ठेवून मी तिसरी प्रत शोधतो आहे.